गळाला लागलेला कारकून

आमच्या घरात मासा फक्त देवघरात चालायचा, तोही मत्स्यावतार म्हणून. स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. पुढे बी.कॉम.ला असताना ‘मोठा मासा लहान माशाला खातो’ हे वाक्य अर्थशास्त्राच्या सरांकडून ऐकलं आणि बँकेत लागल्यावर ते थकबाकीच्या फायलींतून डोळ्यांनी पाहिलं. माशांबद्दलचं माझं शिक्षण इथं संपलं होतं. तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला रुमाल बांधून आणि हातात बांबूची काठी धरून मी दुधना नदीच्या चिखलात बसेन, असं एखाद्या ज्योतिषानं सांगितलं असतं, तर दिलेली दक्षिणा मी व्याजासकट परत मागितली असती.

पण बदली ही गोष्ट पत्रिकेत दिसत नाही. ती एकदम नोटीस बोर्डावरच दिसते. २०१६ च्या जून महिन्यात माझी बदली वाटूरला झाली. जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटेत वाटूर फाटा लागतो. तिथून एक रस्ता परतूरकडे फुटतो. फाट्यावर चहाच्या टपऱ्या, एस.टी.ची वाट बघणारी माणसं आणि त्या माणसांकडे बघत बसलेली दुसरी माणसं. ‘तुला वरच्यांनी फाट्यावर मारलं’ असं माझे सहकारी म्हणाले, तेव्हा ते वाक्प्रचार म्हणूनही बरोबर होतं आणि भूगोल म्हणूनही.

बिऱ्हाड तेव्हाच्या औरंगाबादलाच राहिलं. सौ.ची शाळेतली नोकरी, आईची औषधं आणि चिरंजीवांची तिसरी इयत्ता एवढं सगळं हलवणं म्हणजे एका कारकुनासाठी अख्खी शाखा हलवण्यासारखं होतं. मी एक पत्र्याची खोली घेतली. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्या दोन शनिवारी मी घरी जायचो. उरलेले दिवस मी, खोली आणि वर पंखा. त्यातला पंखाही विजेच्या मर्जीवर.

रोज रात्री आठला घरी फोन. चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे. संभाषण असं :

“जेवलास?”

“हो.”

“अभ्यास?”

“हो.”

“शाळेत काय झालं आज?”

“काही नाही.”

“बरं, आईकडे दे.”

एकूण वेळ एकोणीस सेकंद. हा आकडा मी अंदाजानं सांगत नाही. फोनवर दिसतो तो. मी कारकून आहे, आकडे डोळ्याआड करता येत नाहीत मला. पहिल्या आठवड्यात चाळीस सेकंद होते, मग तीस, मग एकोणीस. कॉमर्समध्ये याला घसारा म्हणतात. वस्तू जागच्या जागी असते, पण तिची किंमत दर वर्षी ठरावीक दरानं कमी होत जाते. बापाचाही घसारा निघतो, हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं.

माझी ही अवस्था आमच्या शाखेतल्या शिपायाच्या लक्षात आली. “साहेब, खोलीत बसून पत्रे मोजण्यापरीस नदीला चला,” म्हणाला. त्यानं मला मोटारसायकलवर मागं घातलं आणि परतूरच्या बाजूला दुधनेच्या काठी नेऊन मामांच्या ताब्यात दिलं.

मामा जातीनं भोई. वय साठीच्या पुढं, अंगावर बंडी आणि डोळ्यांत पाणी वाचायची विद्या. आख्खा परिसर त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. बँकेत त्यांचं जनधनचं खातं होतं. सही अंगठ्याची. म्हणजे काउंटरच्या आत मी साहेब आणि ते अंगठेबहाद्दर. नदीवर आल्यावर हे नातं तासाभरात उलटं झालं.

पहिल्या दिवशी मी घरून नेलेली कणकेची गोळी मोठ्या कौशल्यानं गळाला लावली. मामा बघत होते.

“सायेब, धरायचंय काय?”

“मरळ.” शिपायानं एवढंच नाव सांगितलं होतं.

“मरळ काय पंगतीला बसली का ओ? कणिक ती हुंगत बी नाही. तिला जितं लागतंय, फडफडणारं.”

जितं म्हणजे बेडकुळी. तिला गळाला लावायचं काम माझ्या हातून कधीच झालं नाही. मामा ते करायचे आणि मी तेवढा वेळ आकाशातले ढग बघायचो. काठी बांबूची, तिला तंगूस बांधलेला. दुसऱ्या माशांसाठी मामा तंगुसाला ज्वारीच्या धाटाचं एक पेर बांधत. ते बुडालं की मासा लागला. मरळीला मात्र ही सरकारी पद्धत चालत नाही. तिच्यासाठी बेडकुळी पाण्याच्या वरच्या वर, शेवाळाच्या कडेकडेनं नाचवत न्यायची. मरळ खाली दबा धरून बसलेली असते. आवडलं तर एकदम झडप, नाहीतर तास तास काही नाही. मला बहुतेक वेळा ‘काही नाही’ हेच मिळे.

पण त्या रात्री फोनवर एक चमत्कार झाला. ‘शाळेत काय झालं’ हा प्रश्न संपल्यावर मी सहज म्हणालो, “मी आज मासे पकडायला गेलो होतो.”

पलीकडे शांतता. मग, “खरंच? किती मोठा मिळाला?”

आता खरं सांगायचं तर मिळाली होती फक्त सर्दी. पण मुलानं दोन महिन्यांत पहिल्यांदा मला उलट प्रश्न विचारला होता. मी डाव्या हातात फोन धरून उजव्या हातानं हवेत माप दाखवलं, मग ते फोनवर दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणालो, “एवढा... म्हणजे वीतभर.” फोन चौदा मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी मासा हातभर झाला. तिसऱ्या दिवशी तो निसटला, कारण फार मोठा होता. व्याज चक्रवाढीनं कसं चढतं, हे मी इतकी वर्षं लोकांना समजावून सांगत होतो. थापही तशीच चढते, हे स्वतः अनुभवलं.

थापांना मर्यादा असते. तेव्हा रोजच्या फोनसाठी मला खरा माल जमवावा लागला. मामांना विचारायचं, राहिलेलं कुठून कुठून वाचायचं आणि रात्री आठला तो माल खपवायचा. आणि काय सांगू, मरळीइतकं कर्तबगार गिऱ्हाईक मी बँकेतही पाहिलं नाही!

पहिली गोष्ट म्हणजे ही बाई पाण्यात राहून हवा खाते. तिच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतून श्वास घ्यायची वेगळी सोय असते. थोड्या थोड्या वेळानं तिला वर येऊन घोट घ्यावाच लागतो. वर येऊच दिलं नाही, तर मरळ पाण्यात गुदमरून मरते. “म्हणजे मासा बुडून मरतो?” चिरंजीव किंचाळले. मागून आईचा आवाज आला, “अरे, झोपा आता!” सत्तावीस मिनिटं.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. मी वाटूरला गेलो ते साल आधीच्या सलग दोन कोरड्या वर्षांनंतरचं. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा तर २०१२-१३ च्या दुष्काळातच डोळ्यांदेखत वाळल्या होत्या. त्यांची कर्जं अजून आमच्या कपाटात हिरवीगार होती. नद्यांची वाळवंटं झाली, मग मासे आले कुठून? मामा म्हणाले, “मरळ कुटं जात नाही. पाणी आटलं की गाळात शिरती अन् गुमान पडून राहती. गाळ काढताना आम्हाला जित्या घावल्यात.” ओल असेल तोवर गाळातही हवेवर जगायची विद्या तिच्याकडं असते. आमच्याकडं रिझर्व्ह फंडाला मराठीत गंगाजळी म्हणतात. गंगा नाही, जळ नाही, तरी गंगाजळी शिल्लक ठेवून असलेली खातेदार मी एकच पाहिली.

तिसरी गोष्ट हैदराबादची. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं इथल्या जुन्या माणसांना दुखणं आलं की अजूनही हैदराबाद आठवतं. दर वर्षी जून महिन्यात मृगाच्या मुहूर्तावर तिथं बत्तिनी घराण्यातली मंडळी दम्यावर औषध देतात. मरळीच्या बोटभर जिवंत पिल्लाच्या तोंडात औषधाची गोळी घालायची आणि ते पिल्लू रोग्यानं तसंच गिळायचं. गुण येतो हे शास्त्रानं सिद्ध केलेलं नाही, पण रांग आमच्या पीककर्जाच्या रांगेपेक्षा मोठी असते. शाकाहारी लोकांना तेच औषध गुळातून देतात. ही शाकाहारी सोय ऐकून आमच्या आईनं पहिल्यांदा फोन मागून घेतला आणि मरळीची चौकशी केली. तेलंगणानं तर मरळीला राज्याच्या माशाचा मान दिला आहे.

चौथी गोष्ट अमेरिकेची. २००२ साली मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन नावाच्या गावच्या तळ्यात मरळीचा एक चिनी चुलतभाऊ सापडला. एका माणसानं आजारी बहिणीला सूप करून द्यायला न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन मासे मागवले होते. मासे येईपर्यंत बहीण बरी झाली. त्यानं काही दिवस ते पाळले आणि मग तळ्यात सोडून दिले. पुढं तळ्यात पिल्लंच पिल्लं! हा मासा इथले सगळे मासे खाऊन टाकील, चालत दुसऱ्या नदीत जाईल, अशी देशभर हाकाटी झाली आणि शेवटी सरकारनं तळ्यात विष कालवलं. मामांना हे सांगितलं तर ते काठी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले. “म्हंजे आपल्याकडं मरळ घावंना म्हणून माणूस रडतंय, अन् तिकडं घावली म्हणून?” चिरंजीवांची प्रतिक्रिया वेगळी होती. “पण त्याची बहीण बरी झाली ना?”

मासेमारीचा हा नाद अगदीच हलका समजू नका बरं का. बाराव्या शतकात आमच्या या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. त्यांच्यातला राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजानं करायच्या करमणुकींमध्ये मासे गळानं धरण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कुठल्या माशाला काय खाऊ घालावं इथपर्यंत. राजाला हे शोभतं, तर कारकुनाला न शोभायला काय झालं? सौ.ला हे ऐकवलं. ती म्हणाली, “राजाचे कपडे धुवायला माणसं होती.”

असे दिवस मजेत चालले होते. आणि मग चिरंजीवांनी ऑडिट लावलं.

“बाबा, माझा मित्र म्हणतो, तुझे बाबा थापा मारतात. तुम्ही या शनिवारी येताना माशाचा फोटो आणा. तुमच्या हातात मासा पाहिजे. दुकानातला नको.”

गणपतीचे दिवस होते. शनिवार दहा सप्टेंबर. शुक्रवारी मी बँकेतून सुटलो तो थेट नदीवर. मामांना परिस्थिती सांगितली. मुलाच्या नजरेत बापाची पत जायची वेळ आली होती, आणि पत गेली की काय होतं हे बँकेत मी रोज बघत होतो. मामा काही बोलले नाहीत. काठानं चालत मला एका डोहाशी घेऊन गेले. कडेला लव्हाळं, पाणी संथ. मामांनी बोट दाखवलं.

पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा एक तांबूस डाग दिसत होता. पसाभर असेल. तो डाग हलत होता. पसरायचा, गोळा व्हायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा.

“लेकरं हायत मरळीची,” मामा हळूच म्हणाले.

“मग मोठी?”

“खालीच. लेकराला सोडून कुटं जाईल?”

मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. मोठी मरळ खाली आहे, एवढं कळल्यावर मी बेडकुळी त्या तांबूस डागावर नेली. एकदा नाचवली. दुसऱ्यांदा नाचवायची वेळच आली नाही. पाणी फुटलं, काठी वाकली आणि माझ्या खांद्यातून कळ गेली. मी ओरडलो, घसरलो, बसलो, बसल्या जागेवरून ओढत राहिलो. मामांनी हात लावला तेव्हा कुठं ती काठावर आली. काळसर अंग, सापासारखं चपटं डोकं, हातभर लांब. मी फोनवर जो मासा सांगत आलो होतो, नेमका तोच! इतक्या दिवसांच्या माझ्या थापा एका क्षणात जमेच्या बाजूला आल्या.

“एकदम कशी आली हो?” मी धापा टाकत विचारलं. “इतके दिवस हुंगतही नव्हती.”

“भूक लागून नाही आली सायेब. लेकरावर कोण आलं म्हणून आली.” मामा ओल्या हातानं गळ सोडवत होते. “आमच्यात लेकरावरची मरळ धरीत नाहीत. तुम्हाला सांगणार व्हतो, तुम्ही घाई केली.”

मी पाण्याकडं पाहिलं. तांबूस डाग आता गोल राहिला नव्हता. त्याचे चारपाच तुकडे होऊन इकडंतिकडं भरकटत होते. खालून कसले तरी दुसरे मासे त्यांच्यावर वर येत होते. एकेका उसळीबरोबर एकेक तुकडा लहान होत होता.

“आई नसली की असंच,” मी उगीच काहीतरी बोललो.

“आई नव्हं ती. बाप हाय.”

मराठीत मरळ हा शब्द स्त्रीलिंगी. त्यामुळं इतके दिवस मी तिला ‘बाई’ म्हणत आलो होतो. नंतर पुस्तकांत बघितलं, तिथंही तेच. अंडी पाण्यावर तरंगतात, ती फुटली की पिल्लं घोळक्यानं फिरतात आणि आठवडेच्या आठवडे त्यांची राखण मुख्यतः नर करतो. त्या मुदतीत जवळ येईल त्याच्यावर तो धावून जातो, मग येणारा त्याच्याहून मोठा का असेना.

आता हवेत जगणारा मासा असल्यामुळं एक सोय होती. फोटो काढून सोडता येणार होता. मी दोन्ही हातांत तो बाप धरला आणि मोबाईल मामांकडं दिला. “इथं दाबा.” मामांनी आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढला. काढला म्हणजे त्यांनी सांगितलं, “झालं.” मी लगेच मासा पाण्यात सोडला. एक क्षण तो उथळात तसाच पडून राहिला. मग शेपटी हलली आणि तो गेला.

आम्ही दोघंही तिथंच बसलो. कुणी काठी उचलली नाही. बऱ्याच वेळानं, अंधार पडता पडता, लव्हाळ्याच्या कडेला तांबूस डाग पुन्हा एक झालेला दिसला. आधीपेक्षा लहान. मामा म्हणाले, “चला.”

खोलीवर येऊन फोटो पाहिला. फोटोत एक अंगठा होता. काळा, भेगाळलेला, नखात गाळ भरलेला, पडदाभर अंगठा. त्याच्या मागं कोपऱ्यात माझा एक गुडघा. मासा नव्हता. बँकेत मामांचा अंगठा दोन साक्षीदारांपुढं घेतात. इथं तर एकही साक्षीदार नव्हता.

शनिवारी दुपारी घरी पोचलो. बूट काढायच्या आत फोटो मागितला गेला. चिरंजीवांनी तो आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला.

“मासा कुठाय?”

मी जमिनीवर बसलो आणि घडलं तसं सगळं सांगितलं. आधीचे वीतभर आणि हातभर मासे खोटे होते, हेही सांगून टाकलं. खातं एकदाच काय ते साफ केलेलं बरं. तो ऐकत राहिला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर उठून जाईल.

“म्हणजे त्या पिल्लांचे बाबा तिथंच राहतात?”

“हो.”

“रोज?”

“मोठी होईपर्यंत रोज.”

थोडा विचार करून तो म्हणाला, “त्यांना बँक नसते ना.”

तो ते रागानं म्हणाला नाही. उलट माझी बाजू मांडत होता. म्हणूनच मला ते जास्त लागलं. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती तशीच आत गेली. बी.कॉम. होऊन अठरा वर्षं झाली होती, पण जमाखर्चाच्या कुठल्या बाजूला हे मांडावं, मला सुचेना.

पुढं आठ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि नदी, मरळ, फोन, सगळंच काही दिवस बंद पडलं. सकाळी शाखा उघडायच्या आधी रांग फाट्याकडं निघालेली असायची. एके दिवशी रांगेत मामा दिसले, बंडीच्या खिशात चार नोटा घेऊन. मी हातानं पुढं या म्हणून खुणावलं. ते हलले नाहीत. काउंटरवर आले तेव्हा दुपार झाली होती.

“मामा, बोलावलं तर यायचं नाही का?”

“असू द्या की. बसायची सवय हाय. फक्त इथं पाणी नाही एवढंच.” आणि त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला. तो अंगठा मी हजारांत ओळखला असता.

अडीच वर्षांनी माझी बदली परत घराजवळ झाली. त्यानंतर वाटूर सुटलं, काठी सुटली. मुलगा मोठा होईपर्यंत मी रोज घरी होतो. धावून जाण्यासारखा शत्रू कुणी आला नाही. आले ते गणिताचे पेपर.

आता चिरंजीव पुण्याला वसतिगृहात आहेत. रात्री आठला मी फोन करतो. “जेवलास?” “हो.” “कॉलेज?” “ठीक.” बावीस सेकंद. सौ. म्हणते, मुलं मोठी झाली की असंच. मला मात्र याची सवय आहे. बेडकुळी नाचवत राहायची, तास तास काही नाही, आणि मग...

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला त्याचाच फोन आला. मी घाबरून उठलो.

“बाबा, ती मरळीची गोष्ट मित्रांना सांगतोय. कुणी विश्वास ठेवत नाही. तो फोटो आहे का अजून?”

फोटो होता. मोबाईल तीनदा बदलले, पण तो फोटो दर वेळी पुढच्या खात्यावर ओढला होता. मी चष्मा शोधला आणि मामांचा अंगठा पुण्याला पाठवून दिला.

मिनिटभरानं उत्तर आलं. शब्द एकही नाही. हल्ली मुलं पाठवतात तसा नुसता एक पिवळा अंगठा.

मी दोन्ही अंगठे ताडून पाहिले आणि दिवा मालवला.